राक्षसांचें प्रयोजन

शहागंजांत आमच्या घरासमोर दोन वर्षांमागें एक जुना वाडा पाडून त्या जागीं चार मजल्यांची इमारत उभी राहूं लागली. पायाचें काम संपून पहिला मजला वर येतो न येतो तोंच एके दिवशीं सकाळीं बांबूच्या परांचीवर एक तोंड लटकलेलें दिसलें. काळा रंग, वर दोन शिंगें, बटबटीत पांढरे डोळे, दोहों बाजूंस सुळे आणि हनुवटीपर्यंत लोंबणारी लाल जीभ. नवें घर बांधणारा मनुष्य दृष्ट लागूं नये म्हणून असें तोंड टांगतो, हें सर्वांस ठाऊकच आहे. त्यांत नवल वाटण्यासारखें कांहीं नव्हतें. परंतु आमची धाकटी मुलगी त्या वेळीं इंग्रजी वाङ्मयाच्या परीक्षेची तयारी करीत होती व ग्रीक पुराणकथांचा एक जाडा ग्रंथ तिच्या हातांत असे. गॅलरींतून तें तोंड न्याहाळीत ती म्हणाली, "बाबा, ग्रीक लोकांचा प्रत्येक राक्षस शेवटीं मारला जातो. आपण मात्र त्याला घरावर टांगून ठेवतों. हें कसें?"

तीस वर्षें विद्यार्थ्यांपुढें बोलण्याची संवय असलेल्या मनुष्यास उत्तरावांचून राहणें जड जातें. आम्हीं लगेच सांगितलें, "तो वाइटांना भिववितो, म्हणून." "मग तो आपल्याच बाजूचा झाला कीं!" असें म्हणून ती आंत निघून गेली. प्रश्न मात्र आमच्यापाशींच राहिला. राक्षस कशासाठीं असतात, त्यांना मारल्यावर त्यांचें काय होतें, आणि एकदां मारलेला राक्षस पुनः दारावर कां येऊन बसतो, या गोष्टींचा विचार त्या दिवसापासून आमच्या डोक्यांत घोळत आहे. तोच येथें वाचकांपुढें ठेवीत आहों.

प्रथम ग्रीकांकडे वळूं. ग्रीक राक्षसांची वंशावळ एखाद्या कुळकर्ण्याच्या दप्तराइतकी नेटकी आहे. इ. स. पूर्वीं सुमारें ७०० च्या काळांतील हेसिअड या कवीनें आपल्या 'थिओगनी' या काव्यांत देवांच्या जन्मकथांबरोबर राक्षसांचेंही कूळ लावून दिलें आहे. टायफन हा शंभर सर्पमुखांचा बाप, एकिड्ना ही अर्धी सुंदर स्त्री व अर्धी नागीण अशी आई. त्यांच्या पोटीं पाताळाच्या दारावरचा कुत्रा सर्बरस, लेर्नाच्या दलदलींतील अनेकमुखी हायड्रा, आणि जिच्यांत सिंह, बकरी व सर्प हे तिन्ही एकत्र झाले आहेत ती किमीरा. दुसऱ्या शाखेंत केसांऐवजीं साप असलेल्या तिघी गॉर्गन बहिणी. त्यांतली मेड्यूसा तेवढी मर्त्य. ही यादी वाचतांना दोन गोष्टी ध्यानांत येतात. एक, यांतील बहुतेकांचीं शरीरें जोडीव आहेत. मनुष्य व पशु, मेलेला व जिवंत, सरपटणारें व उडणारें यांच्यामध्यें आपण ज्या रेघा ओढून ठेवल्या आहेत, त्यांपैकीं एखादी तरी रेघ हा देह ओलांडतो. दुसरी गोष्ट त्यांच्या वस्तीची. गॉर्गन राहतात त्या महासागराच्या पलीकडे, रात्रीच्या कडेला. हायड्रा दलदलींत, नेमियाचा सिंह रानांत, स्फिंक्स थीब्झ शहराच्या वेशीबाहेर. जेथें नांगर थांबतो व गांवाची हद्द संपते तेथें राक्षसाचें घर सुरू होतें.

होमराचा पॉलिफीमस घ्या. 'ओडिसी'च्या नवव्या सर्गांत तो प्रथम येतो तेव्हां त्याच्या एका डोळ्याचें वर्णन करीत कवि बसत नाहीं. आधीं तो सांगतो तें हें कीं, हे सायक्लॉप लोक पेरीत नाहींत, नांगरीत नाहींत. त्यांच्यांत सभा नाहीं, कायदा नाहीं. जो तो आपापल्या गुहेंत आपल्या बायकापोरांचा राजा, शेजाऱ्याची कोणी पर्वा करीत नाहीं. पुढें हा पाहुण्यांना जेवूं घालण्याऐवजीं पाहुणेच खातो. म्हणजे डोळा एक असणें हें राक्षसपण नव्हे. अतिथिधर्म न पाळणें हें राक्षसपण. लॅटिन भाषेंत राक्षसाला जो शब्द आहे तो 'सूचना देणें, सावध करणें' या धातूपासून आला असें मानितात, आणि ग्रीक भाषेंतील एका शब्दाचा अर्थ तर 'अपशकुन, दैवी खूण' असाच आहे. राक्षस ही खूण आहे. अमुक रेघ ओलांडली कीं मनुष्य मनुष्य राहत नाहीं, हें सांगणारा तो मैलाचा दगड. स्फिंक्सच्या कोड्याचें उत्तर 'मनुष्य' असें निघावें यांत याच विचाराचा कळस आहे. आणि तें उत्तर बरोबर देणारा ईडिपस पुढें स्वतःच्या घरांत पित्याचा घातक व मातेचा पति ठरतो. कोडें सोडविणाराच खरें कोडें होता, हें ग्रीकांनीं ओळखलें होतें.

या कथांचा उगम शोधण्याचा नाद फार जुना आहे. इ. स. पूर्वीं चौथ्या शतकांत पॅलिफेटस नांवाच्या एका लेखकानें असें सांगितलें कीं, अर्धा मनुष्य व अर्धा घोडा असा सेंटॉर कधीं नव्हताच. घोड्यावर बसलेले थेसलींतले तरुण दुरून लोकांनीं पाहिले व तशी कथा झाली. एकोणिसाव्या शतकांत मॅक्सम्यूलर व त्यांच्या अनुयायांना जिकडे तिकडे सूर्य, उषा व मेघ दिसूं लागले. १९१४ सालीं ऑथेनिओ आबेल या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञानें भूमध्यसमुद्रांतील बेटांवर सांपडणाऱ्या खुज्या हत्तींच्या कवट्यांकडे बोट दाखविलें: सोंडेच्या जागीं मधोमध जें मोठें भोंक असतें तोच सायक्लॉपचा डोळा. २००० सालीं एड्रिएन मेयर या विदुषीनें मध्य आशियांतील चोंचीच्या प्राचीन सरड्यांच्या सांगाड्यांवरून गरुडमुखी ग्रिफिनची कथा निघाली असावी असें मांडलें. आपल्याकडेही हा उद्योग झालाच. असुर म्हणजे आर्यांनीं जिंकलेले अनार्य, हें समीकरण आम्हीं विद्यार्थिदशेंत मुखोद्गत केलें व पुढें अध्यापक झाल्यावर पुष्कळ वर्षें वर्गांतही सांगितलें. आतां तितक्या निःशंकपणें सांगवत नाहीं. ऋग्वेदांत 'असुर' हें वरुणासारख्या देवाचेंही गौरवाचें विशेषण आहे, आणि शेजारच्या इराणांत तर अहुर हाच परमेश्वर व 'दएव' हेच दुष्ट. एकाच शब्दानें सिंधूच्या दोन तीरांवर अशी उलटसुलट बाजू घ्यावी, एवढ्यावरूनच सरळ समीकरणें मांडणारानें सावध झालें पाहिजे.

बुलढाणा जिल्ह्यांतील लोणारचें उदाहरण मोठें बोधक आहे. सुमारें पावणेदोन किलोमीटर व्यासाचें तें खाऱ्या पाण्याचें सरोवर म्हणजे लवणासुराचें बीळ, विष्णूनें त्याला तेथें मारिलें, अशी कथा आहे. गांवांत दैत्यसूदनाचें सुंदर देऊळ आहे. आकाशांतून आलेल्या अशनीच्या आघातानें हा खळगा पडला, हें १९७३ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनानें बहुतेक निर्विवाद झालें. म्हणजे वरून कोणीतरी भयंकर वेगानें येऊन आदळलें, ही कथेंतली कल्पना अगदींच वायफळ नव्हती म्हणावयाची! पण एवढें कळल्यावर दैत्यसूदनाचें देऊळ रिकामें झालें नाहीं. राक्षसाचा आकार कोठून आला हें शोधून काढणें निराळें, आणि लोकांनीं त्याला शतकानुशतकें कां सांभाळलें हें निराळें. प्लेटोच्या 'फीड्रस' संवादांत सॉक्रेटिसाला कोणी अशाच एका दंतकथेची उपपत्ति विचारतो, तेव्हां तो जें उत्तर देतो त्याचा आशय असा: सेंटॉर, किमीरा, गॉर्गन या सगळ्यांचा उलगडा करीत बसण्यास मला सवड नाहीं, मी स्वतः टायफनहून गुंतागुंतीचा प्राणी आहें कीं कोणी सौम्य जीव आहें, हेंच मला अजून कळलेलें नाहीं.

असो. राक्षस मारला जातो हें खरें. परंतु तो गेल्यावर पूर्णपणें जातो काय? ग्रीक कथा नीट वाचल्या म्हणजे असें दिसतें कीं, जात नाहीं. डेल्फाय येथें अपोलोनें पायथन नांवाचा महासर्प मारिला. पण त्या देवळांत देववाणी बोलणाऱ्या स्त्रीला नांव मिळालें तें पिथिया, उत्सवांतील खेळांचें नांव पिथियन, आणि प्रत्यक्ष देवाला त्या हत्येबद्दल टेंपीच्या खोऱ्यांत जाऊन शुद्धि करून घ्यावी लागली. हेरॅक्लीझनें हायड्रा मारिली व तिच्या विषांत आपले बाण बुडविले. त्याच बाणानें त्यानें नेसस नांवाच्या सेंटॉरला मारिलें. नेससचें तें विषारी रक्त त्याच्या बायकोनें भाबडेपणानें वस्त्राला लाविलें, आणि तें वस्त्र नेसून हेरॅक्लीझ जळाला. मारलेल्या राक्षसिणीनें असा फिरून हात टाकला. ही कथा आम्ही वर्गांत सांगतों तेव्हां नेहमीं शांतता पसरते.

आणि मेड्यूसा? पर्सिअसनें तिचें मस्तक कापलें तें फेंकून दिलें नाहीं. अथेना देवीनें तें आपल्या छातीवर जडवून घेतलें. तेव्हांपासून हें नुसतें तोंड, गोल वटारलेले डोळे, सुळे, बाहेर काढलेली जीभ, सगळ्या ग्रीस देशांत दिसूं लागतें. कॉर्फू बेटावर इ. स. पूर्वीं सुमारें ५८० सालीं बांधलेल्या आर्टेमिस देवीच्या देवळाच्या दर्शनी त्रिकोणांत ती अक्षरशः अजस्र आकाराची कोरलेली आहे. देवीच्या देवळाच्या कपाळीं देवी नाहीं, राक्षसीण! सैनिकांच्या ढालींवर, छपराच्या कौलांवर, कुंभाराच्या भट्टीवर हेंच तोंड. तेव्हां आमच्या कन्येचें विधान पूर्णांशानें खरें नव्हतें. ग्रीकांनींही राक्षस मारून घरावर टांगलाच होता. समोरच्या परांचीवरचें तें काळें तोंड आणि कॉर्फूचें तें दगडी तोंड यांचीं चित्रें शेजारीं शेजारीं ठेवलीं तर दोघें भावंडें शोभावीं.

आतां आमच्या गांवाजवळ येऊं. औरंगाबादेहून (आतां छत्रपति संभाजीनगर, पण जुन्या लोकांच्या जिभेस जुनें नांव सांपडतें) वेरूळ तीस किलोमीटरांच्या आंतबाहेर आहे. तेथील लेण्यांत आमचें पुष्कळ वेळां जाणें झालें, परंतु या प्रश्नाचा भुंगा डोक्यांत शिरल्यावर गेलों तेव्हां देवांपेक्षां राक्षसांकडेच लक्ष जाऊं लागलें. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या वेळीं, आठव्या शतकाच्या उत्तरार्धांत खोदलेल्या कैलास लेण्यांत मुख्य देवळाच्या दक्षिण अंगास तें प्रसिद्ध शिल्प आहे: खालीं कपारींत रावण, वीस हातांनीं पर्वत हालवीत, वर पार्वती भिऊन शंकराचा हात धरीत आहे, तिची दासी पळत सुटली आहे, आणि शंकर निश्चिंत बसून पायाच्या नुसत्या दाबानें पर्वत खालीं बसवीत आहे.

हें शिल्प पाहतांना आम्हांला टायफन आठवला. झ्यूसनें त्याला जिंकलें व त्याच्यावर एट्ना पर्वत लोटला, असें पिंडार व इस्किलस हे कवि सांगतात. पर्वताखालीं दडपलेला राक्षस ही कल्पना दोन्हीकडे एकच. पुढें मात्र वाटा फुटतात. टायफन अजून तेथेंच आहे. तो कूस बदलतो तेव्हां ज्वालामुखी पेटतो व सिसिलीचीं शेतें जळतात. त्याच्याशीं कोणाचें कांहीं बोलणें उरलेलें नाहीं. उलट, रावण पर्वताखालीं चिरडला असतां ओरडला, त्या ओरडण्यामुळेंच त्याला 'रावण' हें नांव मिळालें. मग हजार वर्षें त्यानें शंकराची स्तुति गाइली, आणि शंकरानें प्रसन्न होऊन त्याला चंद्रहास खड्ग दिलें. म्हणूनच मूर्तिशास्त्रांत या प्रसंगाचें नांव 'रावणानुग्रह' असें आहे. दंड नव्हे, अनुग्रह! एट्नाखालच्या राक्षसाला कोणी गाऊं दिलें नाहीं.

एकदां ही दृष्टि आली म्हणजे वेरूळचीं इतर शिल्पेंही बोलूं लागतात. अंधकासुराला शंकरानें त्रिशूलावर तोलून धरलें आहे. हें दृश्य पंधराव्या, सोळाव्या व एकोणतिसाव्या लेण्यांत आहे. पण पुराणें सांगतात कीं, त्रिशूलावरच त्याचें पाप झडलें व तो शिवाच्या गणांत दाखल झाला. दशावतार लेण्यांतील नृसिंह पाहा. येथें तर जोडीव देह देवानेंच घेतला आहे. जो आकार ग्रीकांनीं नेहमीं मारावयाच्या प्राण्याला दिला तो येथें मारणाराला मिळाला. आणि वधाची जागा कोणती? ना घरांत ना घराबाहेर. उंबरठ्यावर, ना दिवसा ना रात्रीं. ग्रीक राक्षस हद्दीच्या पलीकडे राहतो, आमच्या कथेंत सगळी गडबड नेमकी हद्दीवर होते.

याच उंबरठ्यावर कीर्तिमुख बसलेलें आहे. महाराष्ट्रांतील यादवकालीन देवळांत गाभाऱ्याच्या उंबऱ्याला दोन तोंडें कोरलेलीं असतात. त्यांना हात लावून लोक आंत जातात, पण तीं कोणाचीं हें बहुतेकांनीं कधीं विचारलेलें नसतें. पुराणांत त्याची कथा अशी. जालंधर दैत्यानें राहूला दूत म्हणून शिवाकडे पाठविलें व पार्वतीची मागणी केली. त्या क्षणीं शिवाच्या भुवयांमधून एक हडकुळा, सिंहमुखी, भुकेनें वखवखलेला प्राणी निघाला व राहूला खावयास धांवला. राहू शरण आला; शरणागताला खातां येईना. "मग मी काय खाऊं? मला भूक लागली आहे," असें तो प्राणी विचारतो. शिव म्हणतो, स्वतःलाच खा. तो पायांपासून सुरुवात करून हात, पोट, छाती असें सर्व खाऊन टाकतो. नुसतें तोंड राहतें. शिव संतुष्ट होऊन म्हणतो, तूं माझ्या दारांत राहा; तुला वंदन केल्यावांचून जो आंत येईल त्याला माझी कृपा नाहीं. हाइनरिख त्सिमर या जर्मन पंडिताच्या १९४६ सालीं निघालेल्या पुस्तकानें ही कथा पाश्चात्त्य वाचकांस परिचित करून दिली. आमच्या पिढीला ती तिकडून फिरून आमच्याच देशांत येऊन कळली, ही थोडी लाजेची गोष्ट कबूल केली पाहिजे.

मेड्यूसा व कीर्तिमुख यांतील साम्य कलाभ्यासकांनीं पूर्वींच दाखविलें आहे. दोन्ही धडावांचून तोंडें, दोन्हींचें काम रखवालीचें. पण मेड्यूसेचें धड दुसऱ्यानें तोडलें. कीर्तिमुखानें आपलें आपणच खाल्लें. मेड्यूसेचें तोंड ढालीवर आहे, म्हणजे तें शत्रूकडे पाहतें. कीर्तिमुख उंबऱ्यावर आहे, म्हणजे तें आंत येणाऱ्या भक्ताकडे, आमच्याकडे, पाहतें. मूळ भूक आमचीच, असें तें सुचवितें. येथें ग्रीकांवर अन्याय होऊं नये म्हणून सांगितलें पाहिजे कीं, त्यांच्या मद्याच्या पसरट पेल्यांच्या तळाशींही कित्येकदां गॉर्गनचें तोंड रंगविलेलें असे. पेला रिकामा होत आला कीं पिणाराच्या डोळ्यांसमोर तें उभें राही. त्या गमतींत ढाल उलटी फिरली आहे.

वाल्मीकि रामायणाच्या उत्तरकांडांत 'राक्षस' शब्दाची जी व्युत्पत्ति दिली आहे तीही येथें उपयोगी पडते. ब्रह्मदेवानें पाणी निर्माण केलें व त्याच्या रक्षणासाठीं प्राणी निर्माण केले. 'आम्ही रक्षण करूं' असें जे म्हणाले ते राक्षस. भाषाशास्त्रज्ञ या व्युत्पत्तीस मान देवोत वा न देवोत, ती सांगणाराला राक्षस हा मुळांत पहारेकरी वाटला, एवढें तींतून निश्चित कळतें. गांवशिवेवरचा शेंदूर फांसलेला म्हसोबा हा महिषासुराशीं जोडला जातो. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनीं १९६२ सालच्या आपल्या ग्रंथांत दाखविलें आहे कीं, देवी ज्याला मारते त्याच म्हसोबाशीं कांहीं ठिकाणीं तिचें लग्नही लागलेलें असतें. अहिल्यानगर जिल्ह्यांत, पाथर्डी तालुक्यांत, दैत्यनांदूर म्हणून गांव आहे. तेथील ग्रामदैवत निंबा दैत्य. गांवांत मारुतीचें देऊळ नाहीं, मुलाचें नांव मारुति ठेवीत नाहींत, इतकेंच काय पण त्या नांवाची मोटारही घेत नाहींत! महाराष्ट्रांत मारुतीवांचून गांव, ही गोष्ट इतरत्र सांगितली तर खोटी वाटेल.

या सर्वांत आम्हांस अधिक जवळची कथा मणि-मल्लांची. शहरालगतच्या सातारा गांवीं खंडोबाचें जुनें दगडी देऊळ आहे; मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीस, म्हणजे चंपाषष्ठीस, तेथें मोठी यात्रा भरते, भरीत-रोडग्याचा नैवेद्य होतो व भंडाऱ्यानें माणसें पिवळीं होतात. हा उत्सव मणि व मल्ल या दोन दैत्यांवरील विजयाचा. जेजुरीस व खंडोबाच्या इतर ठाण्यांत जी कथा सांगतात तिच्याप्रमाणें मणि मरतांना शरण आला, त्यानें आपला पांढरा घोडा देवाला दिला व मागणें मागितलें कीं, तुझ्या देवळांत मलाही जागा असावी. ती मिळाली. मल्लाविषयीं मात्र एकवाक्यता नाहीं. एका पाठाप्रमाणें तोही शरण गेला व 'माझें नांव तुझ्या नांवाआधीं यावें' असें त्यानें मागितलें. म्हणून देव मल्हारि, मल्लाचा शत्रु, झाला. दुसऱ्या पाठाप्रमाणें त्यानें जगाचा नाश व मनुष्यांचें मांस मागितलें; तेव्हां देवानें त्याचें शिर उडविलें, तें देवळाच्या पायरीशीं पडलें व भक्तांचे पाय त्यावर पडूं लागले.

हे दोन पाठ आम्ही बराच काळ ताडून पाहत होतों, कारण आमच्या मतें सगळ्या विषयाची गांठ येथें आहे. पराभूताला देवळांत जागा द्यावयाची हें ठरलें. पण कोणती जागा? देवाच्या नांवांत कीं देवाच्या पायरीखालीं? आमच्या परंपरेनें राक्षसाला बाहेर हांकलला नाहीं, म्हणून आपली पाठ थोपटून घेण्याचा मोह होतो. परंतु ही कथा सांगणारा नेहमीं जेताच आहे, व शरण येण्याची अट त्याचीच आहे. महात्मा फुल्यांनीं १८७३ सालीं 'गुलामगिरी' लिहिली तेव्हां त्यांनीं नेमकें हेंच विचारलें: बळी राक्षस होता हें ठरविलें कोणी? त्यांच्या मतें बळी हा शेतकऱ्यांचा न्यायी राजा व वामन हा कपटी आक्रमक. त्यांनीं काढलेल्या इतिहासाचा तपशील आज कोणी अक्षरशः मानणार नाहीं. पण दिवाळींत घरोघरच्या बाया ओंवाळतांना बळीच्याच राज्याची वाट पाहतात, वामनाच्या नव्हे, ही गोष्ट फुल्यांनीं निर्माण केली नाहीं, ती आधींपासूनच होती. पुराणकारांनाही बहुधा मनांत कांहीं टोंचत असावें. त्यांनीं बळीला पाताळांत घातलें खरें, पण मग विष्णूलाच त्याच्या दाराशीं द्वारपाळ म्हणून उभें केलें.

राक्षस ठरविण्याचें काम केवळ ग्रंथांत होत नाहीं. अथेन्सच्या लोकांनीं इराणी सैन्यानें जाळलेल्या टेकडीवर पार्थेनॉन बांधलें व त्याच्या दक्षिणेकडील पट्ट्यांवर लग्नसमारंभांत धिंगाणा घालणारे सेंटॉर कोरले. त्या सेंटॉरांत पाहणाराला कालचा इराणी शत्रु दिसावा, अशी योजना होती असें पुष्कळ विद्वान मानितात. इस्किलसनें मात्र 'पर्शियन्स' या नाटकांत, युद्धानंतर अवघ्या आठ वर्षांत, इ. स. पूर्वीं ४७२ सालीं, त्याच इराण्यांच्या राजमातेला त्याच अथेन्सच्या रंगभूमीवर मनुष्यासारखें रडूं दिलें. दोन्ही गोष्टी एकाच शहरानें केल्या.

२०१८ सालच्या मे महिन्यांत शहागंज, राजाबाजार व आसपासच्या भागांत दंगल झाली. दुकानें जळालीं, दोन माणसें प्राणास मुकलीं. आम्ही त्या रात्रीं गच्चीवर जाऊन धूर पाहत होतों व खालीं गल्लींत उभे असलेले लोक, ज्यांच्याकडून आम्ही वर्षानुवर्षें फळें, कापड, औषधें घेत आलों, एकमेकांविषयीं बोलत होते. 'राक्षस' हा शब्द त्या रात्रीं आम्हीं जितक्या वेळां ऐकला तितका पुराणें वाचतांनाही ऐकला नव्हता. आणि तो दोन्ही बाजूंच्या तोंडीं होता. त्यांतील प्रत्येक जण तो शब्द ढालीवरच्या तोंडासारखा समोर धरीत होता. उंबऱ्यावरच्या तोंडासारखा, म्हणजे स्वतःकडे वळवून, एकानेंही धरला नाहीं. आम्हीं स्वतः धरला काय? खरें सांगावयाचें तर त्या रात्रीं आम्हीं दाराची कडी दोनदां तपासून पाहिली. आणि ज्याच्या भीतीनें ती तपासली, त्याचें घर आमच्या घरापासून सहावें आहे.

चार दिवसांनीं बाजार उघडला. त्या सहाव्या घरच्या गृहस्थानें नेहमींप्रमाणें आमची विचारपूस केली व आम्हीं त्याची केली. दोघांनींही कड्यांचा विषय काढला नाहीं.

समोरची इमारत आतां पुरी झाली आहे; खालीं औषधांचें दुकान आलें. तें तोंड काढावयाचें राहून गेलें असून तिसऱ्या मजल्याच्या सज्जाखालीं तसेंच लटकत आहे. काळा रंग पावसानें बराच धुपला, एक शिंग मोडलें. तें कोणीं बांधलें म्हणून आम्हीं एकदां चौकशी केली, तेव्हां मालक म्हणाले, गवंड्यानें. गवंडी म्हणाला, मालकांनींच आणून दिलें होतें.

हा लेख लिहून होत आला तेव्हां आम्हीं तो कन्येस वाचून दाखविला. मणि-मल्लांच्या भागापाशीं तिनें थांबविलें. "मल्लाला पायरीखालीं राहणें कबूल होतें का?" असें तिनें विचारलें. पोथी या बाबतींत कांहीं सांगत नाहीं, एवढेंच आम्हीं म्हटलें. येत्या चंपाषष्ठीस तिला सातारा गांवीं घेऊन जावयाचें ठरलें आहे. तेथें वाघ्या-मुरळींना तिला स्वतःच विचारावयाचें आहे.